जुनी स्पोर्ट्स कार, थेट मालकाकडून: पैसे कुठून आणायचे?

(ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन. भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे. आकडे मात्र पुन्हा एकदा तपासून लिहिले आहेत.)



मागच्या आठवड्यात नाशिकहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. चांगला चार मिनिटांचा. त्यांना कोल्हापूरच्या एका निवृत्त डॉक्टरांची गाडी घ्यायची आहे. पोर्शे बॉक्स्टर, २००८ ची, दोन सीटची, कापडी छताची. डॉक्टर सोळा लाख मागतायत. आमच्या श्रोत्याकडे आठ लाख साठलेले आहेत. पगार हातात पंच्याऐंशी हजार, घराचा हप्ता चोवीस हजार. उरलेले आठ लाख पाच वर्षांच्या पर्सनल लोनमधून उभे करायचे, असा त्यांचा बेत आहे. मेसेजच्या शेवटी ते हळूच म्हणतात, "बायको म्हणते, गाडी बंद पडली तर हप्ता पण बंद होणार आहे का? यावर मला उत्तर सुचलं नाही."

तर आजचा भाग म्हणजे वहिनींच्या या प्रश्नाचं उत्तर आहे. आणि आधीच सांगतो, गाडी घेऊ नका असं सांगायला मी बसलेलो नाहीये. ज्याने आयुष्यभर भिंतीवर एखाद्या गाडीचं पोस्टर लावलंय, त्याला व्याजाचं कोष्टक दाखवून गप्प करणं सोपं असतं, पण त्यात काही अर्थ नाही. आपण गाडी घ्यायचीच असं धरून चालू आणि पैसे कसे उभे करायचे ते बघू.

बँक नाही का म्हणते?

पहिली गोष्ट. जुन्या गाडीसाठी कर्ज मिळतं, हे खरं आहे. पण "जुनी" या शब्दाचा बँकेचा अर्थ आपल्यापेक्षा वेगळा असतो. गाडीचं आजचं वय आणि कर्जाची मुदत यांची बेरीज बँका बघतात. संस्थेनुसार आकडा बदलतो, पण ही बेरीज साधारण दहा वर्षांच्या आसपास गेली की बहुतेक ठिकाणी मान हलते. २००८ ची गाडी कर्जाच्या पहिल्या दिवशीच या हिशेबाच्या बाहेर आहे.

दुसरी अडचण किमतीची. स्विफ्ट किंवा क्रेटा असेल तर बँकेकडे तिच्या बाजारभावाचा तक्ता असतो. बॉक्स्टरचा कुठून असणार? गोव्यात बनायची ती दोन सीटची सॅन स्टॉर्म आठवतेय कुणाला? उद्या कुणी ती विकायला काढली, तर तिची किंमत कोणता तक्ता सांगणार? अशा गाड्यांची किंमत म्हणजे घेणारा आणि देणारा यांच्यात जे ठरेल ते. आणि उद्या हप्ते थकले, तर ही गाडी ओढून आणून लवकर विकता येणार नाही, हे बँकेला पक्कं माहीत असतं.

तिसरी गोष्ट, विकणारा डीलर नाही, खासगी माणूस आहे. डीलरकडून घेतलं की कागदपत्रांची निदान काही जबाबदारी त्याच्यावर असते. डॉक्टरांकडून घेताना ती सगळी तुमच्यावर. यात फायदाही आहे. मध्ये कुणाचा नफा नाही, आणि एका व्यक्तीने आपली वापरातली गाडी दुसऱ्या व्यक्तीला विकली तर त्यावर जीएसटीही नाही. पण बँकेला हा फायदा दिसत नाही, जोखीम दिसते.

म्हणून आजच्या भागातलं मुख्य वाक्य असं: जुन्या स्पोर्ट्स कारला कुणी कर्ज देत नाही, कर्ज मिळतं ते तुमच्या पगाराला, तुमच्या ठेवीला, तुमच्या सोन्याला नाहीतर तुमच्या घराला. गाडीचं काहीही झालं तरी ते कर्ज तिथंच राहतं. वहिनींना नेमकं हेच दिसलंय.

मग पैसे कुठून?

एकेक वाट बघू. सगळीकडे रक्कम आठ लाखच धरतो, म्हणजे तुलना करता येईल. दर उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही टाका.

पर्सनल लोन. चौदा टक्के दर धरला तर पाच वर्षांसाठी महिना सुमारे १८,६१५ रुपये हप्ता. पाच वर्षांत व्याज जातं जवळजवळ ३ लाख १७ हजार. तेच तीन वर्षांत फेडलं तर हप्ता २७,३४० च्या घरात जातो, पण व्याज १ लाख ८४ हजारावर येतं. याचा एक गुण म्हणजे गाडीच्या आरसीवर कुणाचा बोजा चढत नाही, पुढे विकताना सोपं जातं. अवगुण म्हणजे दर, आणि हे कर्ज बहुतेक वेळा स्थिर दराचं असल्यामुळे लवकर फेडायला गेलात तर दंड लागू शकतो.

मुदत ठेवीवर कर्ज. ठेव मोडायची नाही, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्यायचा. ठेवीला जो दर मिळतोय त्याच्यापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त. ठेवीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते. जितके वापराल तितक्यावरच व्याज. बहुतेकांसाठी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी कटकटीची वाट हीच. पण त्यासाठी ठेव असायला हवी, आणि ती मुलांच्या शिक्षणाची किंवा आईवडिलांच्या आजारपणाची नसावी.

सोनं. मोठ्या रकमेच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत पैसे मिळतात, तेही एका दिवसात. पण इथं मी स्पष्ट बोलतो. घरातलं सोनं बहुतेक वेळा बायकोचं असतं. तिनं स्वतःहून "घ्या" म्हटलं नसेल, तर हा विषयच काढू नका.

पतसंस्था, किंवा नोकरीच्या ठिकाणची सोसायटी. आपल्याकडे ही जुनी आणि चांगली सोय आहे. पण दोन जामीनदार लागतात. आणि जामीनदार म्हणजे नुसता सही करणारा मित्र नव्हे. कायद्याने त्याची जबाबदारी तुमच्याइतकीच असते. तुमच्या स्पोर्ट्स कारसाठी ऑफिसातल्या माणसाच्या पगाराला कात्री लागू शकते, हे त्याला चहा पाजताना सांगा.

घराच्या कर्जावर टॉप-अप. ही वाट सगळ्यांना आवडते, कारण दर कमी. आता नीट ऐका. आठ लाख, नऊ टक्के, पंधरा वर्षं. हप्ता फक्त ८,११४ रुपये. कानाला गोड लागतं ना? व्याज किती जातं? ६ लाख ६० हजार. म्हणजे दर चौदावरून नऊवर आणला, आणि व्याज दुपटीहून जास्त भरलं! मुदत लांबली की असं होतं. तुमची गाडी तोवर बत्तीस वर्षांच्या पुढे गेलेली असेल.

पण याच टॉप-अपची एक चांगली बाजू आहे. घराचं कर्ज बहुतेकांचं फ्लोटिंग दराचं असतं, आणि व्यक्तीने व्यवसायासाठी न घेतलेल्या फ्लोटिंग दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे तेच आठ लाख तुम्ही नेटाने तीन वर्षांत फेडले, तर महिना साधारण २५,४४० रुपये भरून व्याज जातं १ लाख १६ हजार. सगळा प्रश्न तुमच्या शिस्तीचा आहे. आणि तारण तुमचं घर आहे, हे विसरायचं नाही.

"नऊ टक्के फ्लॅट" म्हणजे काय?

छोटे फायनान्सवाले जुन्या गाडीला कर्ज द्यायला तयार होतात आणि म्हणतात, "साहेब, फक्त नऊ टक्के फ्लॅट." फ्लॅट म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत आलात तरी व्याज पहिल्या दिवसाच्या मुद्दलावरच लावायचं. आठ लाखांवर नऊ टक्क्यांनी पाच वर्षांचं व्याज तीन लाख साठ हजार. हप्ता १९,३३३. घटत्या शिलकीच्या हिशेबाने हा दर जवळपास १५.७ टक्के होतो. म्हणजे वरच्या चौदा टक्केवाल्या पर्सनल लोनपेक्षा महाग!

यावर उपाय सोपा आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांना आणि वित्त कंपन्यांना नव्या किरकोळ कर्जासोबत "की फॅक्ट स्टेटमेंट" द्यावं लागतं. त्यात सगळे शुल्क धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो, त्याला एपीआर म्हणतात. दोन कर्जांची तुलना करायची ती फक्त या आकड्यावर. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, तिथं हा कागद आपोआप मिळेलच असं नाही; स्वतः मागून लेखी घ्या.

माझी स्वतःची फजिती

आता थोडं माझं सांगतो. काही वर्षांपूर्वी मी ठाण्याच्या एका सद्गृहस्थांकडून जुनी मर्सिडीज एसएलके घ्यायला निघालो होतो. माणूस सज्जन. गाडीही छान. मी उत्साहात पर्सनल लोन काढलं, पैसे खात्यात आले, दोन लाख टोकन दिलं. आणि मग आरसी नीट वाचली! त्यावर एका फायनान्स कंपनीचं नाव होतं. गृहस्थ म्हणाले, "अहो, ते कर्ज कधीच फिटलंय." फिटलं होतंच. पण आरसीवरून बोजा उतरवायचं राहून गेलं होतं, आणि मधल्या काळात ती कंपनी दुसऱ्या एकीत विलीन झाली होती. जुनी फाईल कुणाला सापडेना.

एनओसी यायला चार महिने लागले. ते चार महिने गाडी ठाण्यात त्यांच्या पार्किंगमध्ये, उरलेले पैसे माझ्या बचत खात्यात पडून, आणि हप्ता मात्र पंधरा टक्क्यांनी चालू. परत करून टाकावं म्हटलं तर पहिल्या वर्षात कर्ज बंद करता येत नव्हतं. जी गाडी माझ्या नावावरच नाही तिचे चार हप्ते मी भरले. चूक त्या गृहस्थांची नव्हती, माझी होती. मी कर्ज आधी काढलं आणि कागद नंतर वाचला.

कागदांचा क्रम

म्हणून हा क्रम लिहून ठेवा.

१. आरसी बघा, आणि परिवहन खात्याच्या परिवाहन साइटवर गाडीचा नंबर टाकून पडताळा. बोजा आहे का, विमा चालू आहे का, नोंदणी कधीपर्यंत आहे. थकलेली ई-चलनंही बघा.

२. नोंदणीची तारीख. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. २००८ ची गाडी २०२३ मध्ये नूतनीकरण झालेली असणार, म्हणजे २०२८ पर्यंत. पाच वर्षांचं कर्ज त्याच्या पुढे जातंय! आणि एप्रिल २०२२ पासून वीस वर्षांपर्यंतच्या आयात केलेल्या चारचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क चाळीस हजार रुपये आहे, त्याहून जुनीसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये दुप्पट केलंय. इथं बनलेल्या कारला वीस वर्षांपर्यंत पाच हजार. शिवाय महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण कर लागतो, तो वेगळा.

३. बोजा असेल तर आधी उतरवून घ्या. कर्ज फिटलेलं असेल तर मालकाने वित्तसंस्थेकडून एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ आणायचा. कर्ज अजून चालू असेल तर त्यांच्याकडून फोरक्लोजरचं पत्र घ्या, त्यात रक्कम आणि ती कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे ते लिहिलेलं असतं. तेवढी रक्कम तुम्ही थेट त्या कर्जखात्यात भरा, मालकाच्या हातात नाही. उरलेली रक्कम एनओसी हातात आल्यावर.

४. टोकन छोटं ठेवा आणि कागदावर घ्या. आता आपल्याकडे पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर करतात. त्यात एक वाक्य हवंच: अमुक तारखेपर्यंत बोजा उतरला नाही किंवा तपासणीत मोठा दोष निघाला, तर टोकन परत.

५. पूर्ण रक्कम बँकेतूनच द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. "थोडे रोखीत द्या" म्हणणाऱ्या मालकाला हे प्रेमाने सांगा.

६. पैसे आणि फॉर्म २९, ३० च्या सह्या एकाच बैठकीत. मालकाने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा. नाव बदलेपर्यंत अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकाच्या गळ्यात पडते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. त्यामुळे डॉक्टरांनाही घाई हवी.

आणि विमा. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग तुमच्या नावावर करून घ्यावा लागतो. चौदा दिवसांत अर्ज करा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, तो गाडीचा नसतो.

इथं एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. पाच वर्षांवरच्या गाडीची विम्यातली किंमत, म्हणजे आयडीव्ही, तक्त्यातून येत नाही. ती कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता. समजा कंपनी सहा लाखांच्या वर जायला तयार नाही. तुम्ही सोळा लाख मोजलेत, त्यात आठ लाख कर्ज. दुसऱ्या महिन्यात कसाऱ्याच्या घाटात गाडी गेली, तर विम्यातून कर्जसुद्धा पूर्ण फिटणार नाही. म्हणून पैसे देण्याआधी विम्याचं कोटेशन घ्या, नंतर नाही.

गाडीची स्वतःची भूक

आता बॉक्स्टरबद्दल दोन शब्द. २००८ पर्यंतच्या बॉक्स्टरच्या इंजिनात एक मधला शाफ्ट असतो, आणि त्याच्या बेअरिंगची जगभर चर्चा आहे. २००६ ते २००८ च्या इंजिनात हे बेअरिंग मोठं आणि जास्त टिकाऊ आहे, बिघाड क्वचितच होतो. पण ते बदलायचं तर इंजिनाची दोन शकलं करावी लागतात, आणि ते तुटलंच तर इंजिन जातं. २००९ च्या नव्या इंजिनात हा शाफ्टच काढून टाकला. म्हणजे एका वर्षाच्या फरकाने जोखीम बदलते. म्हणून पाच-सात हजार वाचवायला जाऊ नका. ज्याने ही इंजिनं उघडलीत अशा मेकॅनिकला कोल्हापूरला सोबत न्या, ऑइल फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का ते बघायला सांगा.

अशा गाडीसाठी माझा स्वतःचा ठोकताळा आहे: किमतीच्या दहा टक्के रक्कम दर वर्षी दुरुस्तीसाठी वेगळी. सोळा लाखांच्या गाडीला एक लाख साठ हजार. लागले नाहीत तर उत्तम, पुढच्या वर्षाला. पण हे पैसे कर्जातून आणायचे नाहीत, आणि "लागले तर क्रेडिट कार्ड आहेच" हे तर नाहीच नाही.

तर नाशिकच्या दादांना उत्तर

दादा, तुमचा हिशेब मांडू. घराचा हप्ता चोवीस हजार, गाडीचा अठरा हजार सहाशे. बेचाळीस हजार सहाशे झाले. पंच्याऐंशी हजारांतला निम्मा पगार पहिल्या तारखेलाच गेला. साठलेले आठच्या आठ लाख डॉक्टरांना दिलेले. दुरुस्तीला काय उरलं? शून्य. त्यामुळे गाडी गॅरेजमध्ये जाईल त्या महिन्यात वहिनींचा प्रश्न खरा होणार.

कर्ज पाच वर्षांचं नको, तीनच वर्षांचं घ्या. तीन वर्षांत झेपत नसेल तर ती रक्कमच आपली नाही, असं समजा. टॉप-अप मिळत असेल आणि वहिनींची मनापासून हरकत नसेल, तर तो पर्सनल लोनपेक्षा बरा, पण हप्ता तीन वर्षांच्या हिशेबाने भरायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी हप्ता भरून बघा, मग कर्ज घ्या. पुढचे सहा महिने दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सत्तावीस हजार वेगळ्या खात्यात टाका. गाडी आलीच आहे असं समजून. दिवाळी असो, शाळेची फी असो, चुकवायचा नाही. सहा महिन्यांत एक लाख बासष्ट हजार जमतील. हा तुमचा पहिल्या वर्षाचा दुरुस्ती निधी. आणि घरात ओढाताण न होता हे जमलं, तर वहिनींना उत्तर तोंडाने द्यावं लागणार नाही, पासबुक दाखवा.

ओढाताण झाली तर? तर निदान कर्ज न घेता कळलं. पैसे तुमच्याच खात्यात आहेत, गाडीही गेली नाही, कारण ती आपली नव्हतीच. तोवर कमी किमतीची, इथेच जुळवलेली एखादी गाडी शोधता येईल.

डॉक्टर महिनाअखेर उत्तर मागतायत, हे ठाऊक आहे. त्यांना फोन करा आणि खरं सांगा: "सर, बोजा, विमा आणि तपासणी झाल्यावर पैशांची तारीख सांगतो." इतकी वर्षं जपलेली गाडी विकणारा माणूस बहुधा घाईवाल्या गिऱ्हाइकापेक्षा कागद वाचणारं गिऱ्हाईक पसंत करतो. आणि समजा विकलीच दुसऱ्याला, तर दुसरी बॉक्स्टर येते. उशिरा येते, पण येते.

माझी एसएलके अजून आहे. रविवारी सकाळी मुळशीला जाऊन येतो. तिचं कर्ज फिटलं त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा माझी गाडी म्हटलं होतं.

तुमचे प्रश्न पाठवत राहा. पुढच्या भागात भेटूच. तोवर गाडी जपून चालवा, आणि आरसी आधी वाचा!